आधी आलेलं उत्तर

१

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी धुरकट, दुपारी लख्ख. कमाल तापमान तेहतीस. वारा खाडीकडून, गॅलरीतली तुळस हलेल इतपतच.

उत्तम गायकरच्या वहीतलं ते पान असं सुरू होतं. महापालिकेच्या पंपहाउसवर सव्वीस वर्षं दर तासाला लॉगबुक भरणाऱ्या माणसाला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही. काय झालं, किती वाजता झालं, खाली सही. का झालं, याला लॉगबुकात रकाना नसतो.

दुपारी तीनला तो लहान खोलीत जाऊन बसला. बाळकुमच्या त्या टॉवरचा चौदावा मजला. खाली जिथं आता गाड्या उभ्या राहतात तिथं एके काळी त्याच्या बापाचं भातखाचर होतं. लहान खोली मुलीच्या, संचिताच्या अभ्यासासाठी ठेवलेली. भिंतीवर तिनं चिकटवलेले नकाशे अजून तसेच होते. टेबल तिचं, कॉम्प्युटर तिचा, हेडफोनही तिचाच. खुर्चीत मात्र आता बाप बसत होता आणि ती जे अर्धवट टाकून आली तेच शिकत होता: विमानांना वाट देणं.

विमानं खरी नव्हेत. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी कॉम्प्युटरवर विमान उडवतात, आणि त्यांना थांब, नीघ, उतर हे सांगायला तसेच हौशी कंट्रोलर आपापल्या घरी रडारच्या पडद्यासमोर बसतात. विमान खोटं, पण नियम खरे, बोलायची ठरावीक इंग्रजी खरी आणि परीक्षा तर फारच खरी. उत्तम नागपूरच्या टॉवरवर शिकत होता आणि दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा एकाच चुकीनं.

कंट्रोलरनं हुकूम दिला की पायलटनं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि शेवटी आपलं नाव सांगायचं. याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलरनं तो कान देऊन ऐकायचा. चुकला तर तिथल्या तिथं ‘निगेटिव्ह’ म्हणून दुरुस्त करायचा. कंट्रोलर गप्प राहिला, तर जे म्हटलं गेलं ते मंजूर. उत्तमनं सांगितलं होतं पाच हजार फूट, पायलट म्हणाला सहा, आणि उत्तम गप्प. आपण काय बोललो हे त्याला इतकं पक्कं ठाऊक असायचं, की समोरचा काय म्हणतोय ते त्याच्या कानात शिरतच नसे. हे परीक्षकाचं मत. त्याच्या बायकोचं, कलावतीचंही हेच मत होतं, आणि तिनं ते परीक्षकाच्या आधी पंचवीस वर्षं मांडलेलं होतं.

“काका, परत तेच झालं. तो काय बोलला ऐकलंत का तुम्ही?” हेडफोनमधून हितेश म्हणाला. हितेश कल्याणचा, वय तेवीस, उत्तमचा मार्गदर्शक. तो दर रविवारी आपल्या घरून याच रडारवर बसून ऐकायचा.

“ऐकलं.”

“मग सांगा काय बोलला.”

उत्तमनं दात आवळले. पोरगा चांगला होता, शिकवतही मनापासून होता, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येत होता.

तीन बेचाळीसला पडद्यावर एक नवा ठिपका दिसला. छोटं खासगी विमान, रेडिओवरचं नाव रोमिओ ब्राव्हो, जमिनीवरून रनवेकडे येत होतं. रनवेवर दुसरं विमान उतरायचं होतं, म्हणजे याला रनवेच्या आधीच्या रेघेबाहेर थांबवायला हवं. उत्तमनं वाक्य मनात जुळवलं आणि बोलायच्या बटणाकडे बोट नेलं.

“रनवेच्या आधी थांबणार, रोमिओ ब्राव्हो,” कानात आवाज आला.

बोट बटणावर टेकलंही नव्हतं. आवाज बाईचा की पुरुषाचा कळू नये असा होता. संथ, आणि वाक्यात कुठंही श्वास न घेणारा. उत्तमनं यंत्रवत बटण दाबलं आणि हुकूम दिला: “रोमिओ ब्राव्हो, रनवेच्या आधी थांबा.” त्यावर पलीकडून काही आलं नाही. ठिपका रेघेबाहेर थांबला.

“हितेश, त्यानं आधीच उत्तर दिलं.”

“लॅग असेल काका. नेट बघा तुमचं.”

वहीत नोंद: उत्तर ३:४२:०६. हुकूम ३:४२:१०.

२

हा राग हितेशवरचा नव्हता. तो दोन वर्षं जुना होता आणि त्याचा धनी वेगळाच होता.

संचिता खऱ्याखुऱ्या कंट्रोलरच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली, ट्रेनिंगसाठी निवडली गेली, तेव्हा बाळकुम नाक्यावर बारा फुटी फ्लेक्स लागला होता. ‘बाळकुमची लेक, आकाशाची राखणदार’. खाली शुभेच्छुकांचे अठरा चेहरे. उत्तम त्या आठवड्यात ड्युटीवर जाताना मुद्दाम नाक्यावरून जाणारा लांबचा रस्ता घ्यायचा. पाचव्या महिन्यात पोरगी बॅग घेऊन दारात उभी. “जमलं नाही,” एवढंच म्हणाली. का जमलं नाही, कुणी काही बोललं का, तब्येत बरी नाही का, सगळं विचारून झालं. उत्तर एकच. फ्लेक्स पुढं कुणीतरी काढून नेला आणि एका पावसाळ्यात उत्तमला तो भाजीच्या गाडीवर ताडपत्रीच्या जागी बांधलेला दिसला. संचिताच्या गालात भोक पाडून सुतळी ओवलेली होती.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. ती आता डोंबिवलीत दिशा नावाच्या मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहत होती, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दर रविवारी न चुकता यायची. बाप बोलायचा तो कलावतीच्या मार्फत.

“तिला विचार, जेवून जाणार का.”

“समोर बसलीय ती. कान आहेत तिला.”

“तू विचार.”

“आई, सांग पप्पांना, जेवूनच आलेय.”

“अहो, जेवून आलीय ती. आता दोघांनी मिळून मला पगार सुरू करा.”

आणि मग त्यानं हे शिकायला घेतलं. बावन्नाव्या वर्षी, दहावी शिकलेल्या माणसानं, इंग्रजीचे शब्द मराठीत लिहून घेऊन, पाठ करून. पास झाल्याचं पत्र तो तिच्यापुढं नुसतं ठेवणार होता. एक शब्द बोलणार नव्हता. ज्याच्यासाठी तुला सरकारनं शिकवलं, राहायला खोली दिली, ते मी घरी बसून केलं, एवढं तिला त्या कागदावरून कळलं असतं.

तो प्रत्येक सरावाचं फोनवर रेकॉर्डिंग करायचा. सोमवारी सकाळी त्यानं तीन बेचाळीसची जागा काढली. त्याचा आवाज होता. हितेशचा होता. रोमिओ ब्राव्होचं उत्तर नव्हतं. त्या जागी शांतता होती, आणि त्यानं तीनदा मोजली तेव्हा ती बरोबर एका वाक्याच्या लांबीची निघाली. तिच्या आधी मागे पंख्याची घरघर होती, नंतरही होती. त्या तेवढ्या तुकड्यात पंखासुद्धा ऐकू येत नव्हता.

फोन स्वस्तातला आहे, असं त्यानं लिहिलं.

३

९ नोव्हेंबर, रविवार. आकाश स्वच्छ. उन्हाला धार.

या खेपेला तो तयारीनं बसला होता. कुणीतरी चावट पायलट आपली फिरकी घेतोय, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. नवशिका कंट्रोलर पुढे काय म्हणणार हे मुरलेल्या माणसाला सहज ओळखता येतं. तेव्हा उपाय सोपा होता. ओळखलंय त्याच्या उलट बोलायचं.

तीन वाजून अठरा मिनिटांनी रोमिओ ब्राव्हो उतरायला आला. रनवे मोकळा. उतरायची परवानगी द्यायची, दुसरं काही कारणच नव्हतं.

“न उतरता वर जातोय, पुन्हा फेरा घेतो, रोमिओ ब्राव्हो,” आवाज म्हणाला.

उत्तम हसला. बऱ्याच दिवसांनी. सापडला! त्यानं घड्याळ बघितलं, आकडा टिपला, शांतपणे बटणावर बोट ठेवलं आणि ‘उतरा’ म्हणायला तोंड उघडलं. त्याच क्षणी पुण्याचा एक शिकाऊ पायलट परवानगी न घेता भसकन रनवेवर घुसला. आता उतरा म्हटलं तर विमानावर विमान.

“रोमिओ ब्राव्हो, उतरू नका, वर जा, पुन्हा फेरा घ्या,” उत्तम म्हणाला. स्वतःच्या तोंडून शब्द निघताना त्याला ते दुसऱ्याच्या ताटातला घास गिळल्यासारखे लागले.

“काका,” हितेश म्हणाला, “वर जा कुणाला सांगितलंत?”

“रोमिओ ब्राव्होला.”

“कोण रोमिओ ब्राव्हो?”

“अरे, हा काय समोर! मागच्या रविवारी पण होता.”

“मला वाटलं तुम्ही सवयीसाठी मनानंच बोलताय. माझ्याकडे आत्ता एकच विमान दिसतंय काका, तो पुण्याचा येडा.”

उत्तमनं पडद्यावर बोट टेकवलं. ठिपका बोटाखालून सरकून वर गेला.

“काका? चिडलात का?”

“नाही,” उत्तम म्हणाला, आणि हेडफोन टेबलावर आपटला.

राग नेमका कशाचा, हे त्याला त्या संध्याकाळी लिहिता येईना. भीती असती तर लिहिली असती. तापाचा आकडा लिहावा तशी. पण हे वेगळं होतं. आयुष्यभर त्यानं जे म्हटलं ते स्वतःच्या मनानं म्हटलं होतं. वडिलांचं ऐकलं नाही, साहेबांचं ऐकलं नाही. आणि आता कुणीतरी त्याच्या तोंडात शब्द कालवून ठेवत होतं, आणि तो ते ओकत होता.

उत्तर ३:१८:२१. हुकूम ३:१८:४०. एकोणीस सेकंद.

४

त्या आठवड्यात त्याची ड्युटी दुपारची होती, म्हणून सकाळी घर मोकळं मिळायचं. बुधवारी, बारा तारखेला, तो अकराला खोलीत बसला. त्या वेळी नागपूरवर कुणीच उडत नव्हतं. पडदा रिकामा. त्याला नुसते जुने धडे वाचायचे होते, पण हेडफोन त्यानं लावला. का लावला, याला रकाना नाही.

खाली कुठल्यातरी मजल्यावर भिंतीला ड्रिल चालू होतं. मग ते थांबलं. मग पंख्याची घरघरही गेली, पाती तर फिरत होती.

“दूधवाल्याला सांगते, उद्यापासून नको. कलावती.”

मराठीत. आजवर सगळं इंग्रजीतच आलं होतं. तोच आवाज, तोच सपाट सूर.

उत्तमनं एक कान उघडा केला. स्वयंपाकघरात कलावती कुकरची शिट्टी शोधत भांड्यांशी बडबडत होती. तिचा आवाज हा नव्हता. त्यानं वहीत लिहिलं: ११:०८. पुढं काय लिहावं हे न सुचून नुसतं वाक्य उतरवून ठेवलं आणि उठून आंघोळीला गेला. डोक्यावर पाणी ओतताना त्यानं स्वतःशी ठरवलं की आज दुधाविषयी एक अक्षर काढायचं नाही. मग त्याला या ठरवण्याचीच लाज वाटली. बावन्न वर्षांचा माणूस, आणि दुधाला भितो.

पावणेबाराला चहा समोर आला. फुटलेला. वर पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या.

“सकाळचंच दूध आहे हो,” कलावती म्हणाली. “दुपारपर्यंत टिकत नाही हल्ली. मी त्याला बोललेले गेल्या आठवड्यात पण.”

“मग घेतेस कशाला?” राग कसा भसकन वर आला, त्यालाही कळलं नाही. “तीन महिने हेच! सांग त्याला, उद्यापासून नको म्हणावं!”

“ओरडता कशाला? दूधवाल्याला सांगते, उद्यापासून नको.”

कप त्याच्या हातात तसाच राहिला. कलावती वळून आत गेली होती.

११:५१. त्रेचाळीस मिनिटं.

त्यानं ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले. एक गोष्ट आता स्पष्ट होती. शेवटी येणारं नाव, हुकूम ज्याला दिला त्याचं असतं. नियमच आहे तो.

५

गुरुवारी तो खोलीत जाणार नव्हता. सकाळी साडेनऊला गेला.

बसला नाही. उभ्यानंच हेडफोन कानाशी धरला, पाण्याचा नळ आला का बघायला कान लावावा तसा. घरात कलावती नव्हती, बाजारात गेली होती. खिडकी बंद होती. खोलीत घरघर चालू होती तोवर तो धीटपणे उभा राहिला. मग घरघर थांबली.

“पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. संचिता.”

९:३६.

त्यानं हेडफोनची वायर उपटली. त्यानंतर कितीतरी वेळ तो खोलीच्या मधोमध उभा होता आणि त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, जणू दोन श्वासांच्या मध्ये कुणीतरी त्याच्यासाठी जागा सोडून वाट बघत होतं.

म्हणजे ज्या हुकुमाचं हे उत्तर, तो हुकूम तो तिला देणार होता. तो संतापी होता, पण राक्षस नव्हता. दोन वर्षं तो बोलला नव्हता, पण रविवारी दुपारी गॅलरीतून फाटकाकडे त्याची नजर जायची, ती जायचीच. ती येणं बंद झालं तर? या प्रश्नापाशी तो लगेच मागं फिरला. हुकूम त्याचा. तोंड त्याचं. बोलायचं नाही म्हटलं तर कुणाची ताकद आहे?

कलावती आली तेव्हा तो म्हणाला, “संचिताला सांग, या रविवारी…”

“काय सांगू?”

येऊ नकोस म्हणून सांग. वाक्य तोंडात पूर्ण तयार होतं. त्यानं ते गिळलं.

“काही नाही.”

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

संध्याकाळी पंपहाउसवर हितेशचा फोन आला. “काका, तारीख मिळाली! रविवारी दुपारी तीन. नीट झोपा, चिडू नका आणि रीडबॅक ऐका. आणि हे बघा, घाबरवत नाही मी, पण तिसऱ्यांदा गेलं तर वर्षभर बसता येत नाही.”

“एक सांग. तुला कधी उत्तर आधी आलंय?”

“म्हणजे?”

“काही नाही.”

“काका, नंतर देऊ का तारीख?”

नंतर देऊ का! ही पोरं. जमत नसेल तर नको, बरं वाटत नसेल तर नको, सोडून या. “रविवारी तीन,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

६

१६ नोव्हेंबर, रविवार. ढग नाहीत. वारा पडलेला.

संचिता नेहमीपेक्षा लवकर, दोनलाच आली. उत्तम आत जेवत होता. तिनं पर्स ठेवायला लहान खोलीचं दार उघडल्याचा आवाज त्यानं ऐकला आणि घास तसाच धरून थांबला. ती बाहेर आली नाही. हात धुऊन तो खोलीत गेला, तर ती टेबलाशी उभी होती. हेडफोनकडे बघत. हात मागे बांधलेले, देवळात मूर्तीला शिवू नये म्हणून लहान मुलं उभी राहतात तशी.

“कलावती,” उत्तमनं आवाज चढवला, “हिला सांग, मला परीक्षा आहे.”

“मी नाही सांगत,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “पोस्टाला सुट्टी आहे आज.”

“पप्पा,” संचिता म्हणाली, “उत्तर आधी येतं का?”

बाहेर कुठंही आवाज नव्हता. इतक्या मोठ्या टॉवरमध्ये, रविवारी दुपारी, एक मूल रडू नये की एक टीव्ही लागू नये.

“किती आधी?” तिनं विचारलं.

“चार सेकंद,” उत्तम म्हणाला. दोन वर्षांत तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. “मग एकोणीस. मग त्रेचाळीस मिनिटं.”

“माझंही चारनंच सुरू झालेलं.” ती पलंगाच्या कडेवर बसली. “ट्रेनिंगला सिम्युलेटरची खोली होती ना, तिथं. पहिल्यांदा सरांना सांगितलं. ते हसले. मग कुणालाच नाही सांगितलं. पाचव्या महिन्यात मराठीत आलं. शेवटी नाव होतं.”

“कुणाचं?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. नजर हलवली नाही.

“वाक्य काय होतं?”

“ते म्हणून दाखवलं तर बोलल्यासारखंच झालं ना, पप्पा. मी ते अजून बोललेले नाही. म्हणून तर निघून आले. त्या खुर्चीत राहिले असते तर कधी ना कधी तोंडातून गेलंच असतं.” तिचा आवाज खाली आला. “तुम्हाला नाव आलंय का?”

तो गप्प राहिला.

“माझं?”

तो गप्प राहिला.

“मग उठा तुम्ही. एवढंच करायचं. आज बसायचं नाही, परत कधी बसायचं नाही. मी सोडलं, काही झालं नाही कुणाला. फक्त तुम्ही चिडलात.”

एक क्षण, घड्याळात जेमतेम मावेल इतका, त्याला तिच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. दोन वर्षं पोरीनं त्याचा राग मुकाट सोसला होता. कशापायी, ते आता समोर मांडलेलं होतं. नुसता हात पुढं करून उचलायचं होतं.

मग त्याची नजर टेबलावर गेली. वही उघडी होती. गुरुवारचं पान. तिचं नाव, वाक्य, वेळ. मागच्या पानांवर चार सेकंद, एकोणीस सेकंद, त्रेचाळीस मिनिटं.

आणि सगळं लख्ख झालं. असंच असणार, दुसरं काय असणार. ती दोनला आली, पाऊण तास खोलीत होती, वही समोर होती. तिनं वाचली. वाचून ही गोष्ट रचली. दोन वर्षं जिला कारण सापडत नव्हतं, तिला बापाच्या वहीत कारण सापडलं. वर बापालाच ऊठ म्हणते. स्वतः पळाली, आता त्यालाही पळायला सांगते.

“वही वाचलीस माझी.”

“नाही पप्पा. मी हात लावला नाही.”

“खोटं बोलू नकोस!”

“आईशप्पथ नाही वाचली. उघडीच होती, पण मी—”

“माझ्या डोक्यात खूळ भरलं म्हणून समजलीस का? माझं खूळ घेऊन त्याचं सोंग करतेस?”

दारात कलावती आली. तिच्या हाताला पीठ होतं. “अहो, काय झालं? हळू बोला जरा.”

संचितानं उठून हेडफोनची वायर धरली. “हे मी नेते. रागवा कितीही. हे मी घेऊन जाते.”

त्यानं तिच्या हातातून वायर हिसकावली. घड्याळात दोन सत्तावन्न झाले होते. आता बोलतोय ते काय, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या शब्दाला ठाऊक होतं, तिसऱ्या शब्दाला ठाऊक होतं, आणि तरी रागाला त्याच्याहून जास्त घाई होती.

“पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस!”

संचितानं दोन्ही हात तोंडावर दाबले. डोळे मोठे झाले. ती बोलत नव्हती. बोलायचं नाही म्हणून जिवाच्या आकांतानं ओठ दाबून उभी होती, आणि तो तिच्या अंगावर वाकून ओरडला, गेले सहा महिने जे त्याला दर रविवारी घोकून घोकून शिकवलं होतं तेच:

“ऐकलंस का? काय सांगितलं मी? म्हणून दाखव!”

हात हळूहळू खाली आले.

“पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही,” ती म्हणाली. संथ. मध्ये कुठंही श्वास न घेता. आणि मग, सांगायची काही गरज नसताना, “संचिता.”

तिनं पर्स घेतली नाही. बाहेरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. बंद झाल्याचं आलं नाही. कलावती “अगं थांब, अगं चप्पल तरी!” म्हणत जिन्यापर्यंत गेली.

उत्तमनं हेडफोन लावला.

७

परीक्षक बाई हैदराबादच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. हितेश मुकाट ऐकत होता.

उत्तम कधी इतका चांगला बसला नव्हता. हात स्थिर. आवाज स्थिर. पायलट काय म्हणतोय ते त्याच्या कानात एकेक अक्षर सुटं होऊन पडत होतं. एकानं तीनचे चार हजार केले. त्यानं तिथंच पकडलं. दुसऱ्यानं रनवेचा आकडा उलटा म्हटला, तोही पकडला. सगळी उत्तरं हुकुमाच्या नंतर येत होती. राग अजून छातीत होता, पण आता तो त्याला कोळशासारखा उपयोगी पडत होता.

तीन एकतीसला पंख्याची घरघर थांबली.

रोमिओ ब्राव्हो रनवेच्या टोकाशी होता. उंचीच्या जागी शून्य. तो उतरलेला होता.

“पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. संचिता.”

पहिल्यांदाच नंतर. हुकूम देऊन चौतीस मिनिटं झाली होती. आणि आवाज पुढं काही बोलला नाही. पायलट रीडबॅक देऊन थांबतात तसा थांबला. कंट्रोलर बरोबर म्हणतो की निगेटिव्ह, एवढ्यासाठी.

उत्तमचं बोट बटणावर होतं. निगेटिव्ह. एक शब्द. दिलेला हुकूम रद्द करायलाही वाक्य असतं, तेही त्याला पाठ होतं. फक्त ते परीक्षकाच्या कानावर, नसलेल्या विमानाला, मराठीत म्हणावं लागलं असतं. शिवाय आयुष्यात प्रथमच त्यानं रीडबॅक पूर्ण ऐकला होता, आणि तो शब्दन्‌शब्द बरोबर होता. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“नागपूर टॉवर, उतरायची परवानगी?” परीक्षेतलं विमान रनवेपासून एक मैलावर होतं. पाच सेकंदांत उत्तर हवं होतं.

उत्तमनं त्याला परवानगी दिली. त्यानं ती बरोबर परत म्हणून दाखवली.

रोमिओ ब्राव्होचा ठिपका हलला. रनवेच्या टोकाला तो थांबायला हवा होता, पण थांबला नाही. कुंपणाची रेघ ओलांडली, रस्ता ओलांडला, नकाशात काही नसलेल्या काळ्या जागेत गेला. उत्तमनं त्याच्या शेजारचा वेगाचा आकडा वाचला. विमानाचा वेग तीन कधी नसतो. तीन हा चालणाऱ्या माणसाचा वेग. मध्ये एकदा ठिपका जागेवर थांबला, मागं वळून बघायला थांबावं तितका वेळ. मग पुन्हा चालू लागला, आणि पडद्याच्या कडेला जाऊन मावळला.

“काका!” हितेश कानात ओरडला. “काका, झालं! भारी बसलात आज!”

वहीतली नोंद अशी आहे. परीक्षा तीन ते चार. गुण शंभरपैकी एक्क्याण्णव, उत्तीर्ण. संचिता २:५९ ला घरातून निघाली. सही.

त्याखाली दुसऱ्या शाईत, ३० नोव्हेंबरची तारीख घालून एक ओळ आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्यात तीन एकतीसला अनवाणी बाहेर पडताना दिसते. डोंबिवलीला पोचली नाही.